काकू, फौजदार आणि लटारूचा डावा पाय

चांद्याच्या माझ्या स्टुडिओत दोन भिंगं राहत होती. एकाचं नाव काकू, दुसऱ्याचं फौजदार. कारखान्यांनी त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत आपापली नावं कोरली होती, पण ती विलायतेतल्या लोकांच्या सोयीची. जटपुरा दरवाज्याच्या आत धंदा करणाऱ्या माणसाला दिवसातून वीसदा हाक मारायला सोपं नाव लागतं.

या अंकाच्या संपादकांनी पत्रातून विचारलं, की या धंद्यात तुम्ही काय शिकलात? कोणासाठी काकू काढायची आणि कोणासाठी फौजदार, एवढंच शिकलो. शिकायला काही वर्षं लागली आणि त्याची फी दुसऱ्यांनी भरली. आता पन्नाशीला टेकलो आहे, तेव्हा हे एकदा कागदावर उतरवायला हरकत नाही.

ज्यांनी मोठा कॅमेरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माझा कॅमेरा म्हणजे एक सागवानी पेटी. मागे दुधी काच, मध्ये कातडी भाता, पुढे एक चौकोनी फळी. त्या फळीत भिंग बसवलेलं. फळी काढून दुसरी घातली की भिंग बदललं. फोटोग्राफर डोक्यावर काळं फडकं घेऊन दुधी काचेत बघतो, तेव्हा त्याला समोरची माणसं खाली डोकं वर पाय अशी दिसतात. सवय झाली की त्यात काही वाटत नाही. मला तर मामलेदार सरळ दिसले की ओळखायला वेळ लागायचा.

पेटी काही करत नाही. ती नुसता अंधार धरून बसते. करतं ते भिंग.

काकू पितळेची, पाण्याच्या लोट्याएवढी. कामठीच्या छावणीतला एक गोरा साहेब देश सोडून गेला तेव्हा त्याचं सामान लिलावात निघालं, त्यात ती मला मिळाली. तेव्हाच तिचं वय साठीपुढचं असावं. तिला खटका नव्हता. तोंडावर टोपी होती. टोपी काढली की फोटो सुरू, घातली की संपला. मधला वेळ मी मनात मोजायचो. उजेड कमी करायला तिच्या पोटात भोकाच्या पितळी पट्ट्या सरकवायच्या असत, पण त्या पट्ट्या साहेबाने हरवल्या होत्या की बरोबर नेल्या होत्या, देव जाणे. त्यामुळे माझी काकू कायम डोळे सताड उघडे ठेवून बघायची. मधोमध जो बसेल तो लोण्यातून कोरल्यासारखा यायचा. मधून जसजसं बाहेर जावं तसतसं सगळं विरघळत जायचं. अगदी कडेला झाडं गोल फिरायला लागायची आणि माणसं धुकं व्हायची. मधल्या माणसाच्यासुद्धा सुरकुत्या, खरजेचे डाग, रात्रीचं जागरण, सगळं ती पोटात घालायची.

फौजदार जर्मन. लढाईनंतर घडलेला. काळा, आकाराने पेरूएवढा. त्याच्या काचेवर जांभळट झाक होती. उजेड परत फिरू नये म्हणून दिलेला तो लेप. आत पाकळ्या होत्या, त्या मिटत नेल्या की जवळची चप्पल आणि लांबचा डोंगर दोन्ही सारखेच ठळक. फौजदार काही पोटात घालत नसे. तो पंचनामा करायचा. मधोमध कोण बसलं आहे आणि कोपऱ्यात कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तो आला त्या दिवशी मी गावाभोवतीच्या परकोटाच्या भिंतीवर एक वर्तमानपत्र चिकटवलं आणि दोन्ही भिंगांनी त्याचे फोटो काढले. भिंग पारखायची ही साधी रीत आहे. काकूच्या फोटोत मधल्या बातमीतला एकेक काना-मात्रा वाचता येत होता, चारही कोपऱ्यांत नुसती राख. फौजदाराच्या फोटोत कोपऱ्यातली दंतमंजनाची जाहिरातही वाचता आली, आणि मी लावलेल्या खळीत अडकलेला मुंगळाही दिसला. रस्त्यावर गर्दी जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "भिताडाचा फोटो काढून राह्यला बावा हा. मानसं संपले वाटते चांद्यातले."

मग कोणासाठी कोणतं? नवशिका फोटोग्राफर गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो. ते चूक आहे. गिऱ्हाइकाला विचारायचं, फोटो कोणाला दाखवायचा आहे? घरच्यांना दाखवायचा असेल तर काकू. परक्याला दाखवायचा असेल, आणि त्याचा तुमच्यावर विश्वास नसेल, तर फौजदार.

हे मला सिरोंच्याकडच्या एका लाकूड ठेकेदाराने शिकवलं. तेलुगू, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बोलायचा. त्याला आपल्या सागाच्या ओंडक्यांचा फोटो बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा होता. मी काकू घेऊन गेलो, कारण त्या दिवशी फळीत तीच बसलेली होती आणि मला बदलायचा कंटाळा आला होता. फोटोत मधला ओंडका राजासारखा आला. बाजूचे सगळे फुगून, फिरून, कापसाच्या गादीसारखे. ठेकेदार पंधरा दिवसांनी आला. "भाऊ," तो म्हणाला, "शेठने लिखा है, एक सागवान बराबर है, बाकी का सावरी काऊन भेजता?" सावरीच्या लाकडाच्या काडेपेट्या करतात. मी जाऊन फौजदाराने पुन्हा फोटो काढला. त्यात ओंडक्यांच्या टोकांवरचे हातोड्याचे शिक्केसुद्धा मोजता आले. ठेकेदार खूश झाला आणि मी शहाणा झालो, असं मला वाटलं. तसा मी फक्त लाकडाच्या बाबतीत शहाणा झालो होतो.

आता माणसांकडे येतो.

वैनगंगेच्या काठावर जंगल खात्याचा एक बंगला होता. कोणता ते सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. साहेबाची बदली झाली, की तिथे निरोपाचा ग्रुप फोटो व्हायचा. साहेब तिथे वर्षभरही टिकत नसत, त्यामुळे मला दर वर्षी बोलावणं यायचं. मी मोटारीने मूल गावापर्यंत, पुढे बैलगाडीने नदीपर्यंत आणि नदीवर डोंग्याने जायचो. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली नाव. ती हाकणाऱ्याचं नाव लटारू.

लटारू ढिवर. घरी तळ्यात जाळं टाकणारी माणसं, हा मात्र खात्याच्या डोंग्यावर लागला होता. माणसं, टपाल, साहेबाच्या कोंबड्या, सगळं अलीकडून पलीकडे न्यायचा. माझा कॅमेरा तो मांडीवर घेऊन बसायचा आणि डोंगा दुसऱ्याला हाकायला लावायचा. "पेटी बुडली तं भाऊ तुमी बुडसान," म्हणायचा. "तुमाले पोहता येते, पेटीले नाई येत."

मला पोहता येत नव्हतं. पण त्याच्या बोलण्यात इतका भरवसा होता की मी कधी सांगितलं नाही.

ग्रुप फोटोत कोणी कुठे बसायचं हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण कायद्यापेक्षा पक्कं होतं. मधोमध हार घातलेले साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. मग रेंजर, मग फॉरेस्टर, पगाराप्रमाणे बाहेर बाहेर. मागे गार्ड उभे. पुढे जमिनीवर बिनपगारी आणि रोजंदारीची माणसं. त्या रांगेत डाव्या टोकाला, सगळ्यांत शेवटी, लटारू.

पहिल्या वर्षी मी नवाकोरा फौजदार घेऊन गेलो. पाकळ्या मिटल्या, सगळ्यांना श्वास धरायला सांगितला आणि खटका दाबला. घरी येऊन प्लेट, म्हणजे ज्या काचेवर फोटो उमटतो ती, धुतली तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गवताची काडी न् काडी. असा फोटो मी त्याआधी काढला नव्हता.

चार दिवसांनी मी तो बंगल्यावर नेला. बडे बाबूंनी तो लांब धरला, जवळ धरला.

"का आहे हे?" ते म्हणाले.

"ग्रुप."

"ते दिसून राह्यलं. पन साहेब कोन आन् डोंगेवाला कोन, समजते का याच्यात? सारे सारखेच!"

"हार घातलाय तो साहेब," मी म्हणालो.

"हार नसता तं?" बडे बाबूंनी विचारलं. खरं दुखणं वेगळं होतं. फौजदाराने बडे बाबूंचे डोळे मिटलेले टिपले होते. साहेबांनीही फोटो पाहिला. त्यांना आपल्या गालावरचा चामखीळ पसंत पडला नाही. तेव्हा फोटो पुन्हा काढायचा ठरला आणि मी काकू नेली. साहेब लोण्याचे आले. बडे बाबू डोळे उघडे ठेवून आले. रेंजर थोडे मऊ, फॉरेस्टर आणखी मऊ, गार्ड पुसट. जमिनीवरच्या रांगेच्या टोकांना नुसता धूर.

बडे बाबू म्हणाले, "आता कसं! असा पाह्यजे सरकारी फोटो."

माझ्या काकूला सरकारी पगारश्रेणी समजत होती. मधल्याला पूर्ण, बाजूच्याला निम्मी, टोकाच्याला काही नाही. पुढे दर वर्षी मी न चुकता काकूच नेली. साहेब खूश, बडे बाबू खूश, आणि जमिनीवर बसणाऱ्यांना फोटोची प्रत कोणी देत नसे, त्यामुळे तेही नाखूश असल्याचं कधी ऐकलं नाही. नापसंत प्लेट मी फेकली मात्र नाही. फौजदाराची करामत दाखवायला ती मी एका खोक्यात जपून ठेवली. अभिमान दुसरं काय करतो.

सहा-सात वर्षं गेली. एका सकाळी लटारू स्टुडिओत आला. सोबत त्याची बायको भागरथा. नदीपासून चांद्यापर्यंतचा रस्ता दोघांनी कसा केला असेल ते त्यांच्या पायांवरच्या धुळीने सांगितलं. लटारू दारात उभा राहिला. भागरथाबाई सरळ आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या.

"फोटोवाले भाऊ," त्या म्हणाल्या, "यायले तुमी ओळखता का?"

"लटारूभाऊंना? न ओळखायला काय झालं!"

"मंग तसं कागदावर लिहून द्या. सरकार नाई ओळखत."

हळूहळू सगळं कळलं. खात्याचा नवा हुकूम निघाला होता. ज्या रोजंदारीच्या माणसाने सहा वर्षं सलग काम केलं, त्याला कायम करायचं. कायम म्हणजे महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन, आणि पावसाळ्यात नदी चढली की चार महिने घरी बसवणं बंद. लटारूची सात वर्षं झाली होती. पण पहिल्या चार वर्षांचं हजेरीपुस्तक वाळवीने खाल्लं होतं. बडे बाबूंनी सांगितलं, पुरावा आण. महिनाअखेरीस यादी वर जाणार होती. त्याला दहा दिवस उरले होते.

"मी म्हनलं, दरसाल फोटोत बसत होतो ना जी मी," लटारू दारातूनच म्हणाला. "तं बडे बाबू म्हनते, दाखव."

मला आनंद झाला. हे फार सोपं होतं. मी खोकी काढली, वर्षावार प्लेटी काढल्या, आणि ज्यांच्या छापील प्रती होत्या त्या टेबलावर मांडल्या. मग आम्ही तिघांनी त्या पाहिल्या.

भागरथाबाईंनी एका फोटोवर डाव्या टोकाला बोट ठेवलं. "हे का होय?"

"लटारूभाऊ," मी म्हणालो.

"हे?"

"हो."

"भाऊ, माह्या चुलीचा धूर याच्याहून साफ दिसते." त्यांनी दुसरा फोटो घेतला. "आन् हे?"

"तेही तेच."

"याच्यात तं यायच्या आंगातून झाड निंगून राह्यलं." त्या लटारूकडे वळल्या. "सात वर्सं तुमी फोटो काढाले जात होते, का धुपट काढाले? साहेबाचे मिशेचे केस मोजून घ्या म्हना. माह्या मानसाचं तोंड कुठी गेलं?"

लटारू म्हणाला, "टोकाले बसलो ना मी. टोकाले असंच होत असन."

तो मला सांभाळून घेत होता. असंच होत असन! मी तिथे बसून ऐकत होतो. असं होतं हे मला ठाऊक होतं, वर्तमानपत्र चिकटवून मीच ते पारखलं होतं. कोपरे राखेचे येतात हे माहीत असताना सहा वर्षं मी त्या कोपऱ्यात माणसं बसू दिली होती.

मग मला पहिल्या वर्षीची नापसंत प्लेट आठवली.

ती शोधून काढायला मला पाच मिनिटं लागली आणि ती पाच मिनिटं मी नाटकातल्या राजासारखा वावरलो. "बसा," म्हणालो. "आता बघा." प्लेट उजेडाला धरली. डाव्या टोकाला लटारू होता. मुंडाशाचा वेढा न् वेढा, सदऱ्याची शिवण, गुडघ्यावरचा चिखल. सगळं स्वच्छ.

चेहरा नव्हता.

त्याने मान खाली घातली होती. पूर्ण. मुंडाशाचा शेंडा कॅमेऱ्याकडे आणि नजर जमिनीकडे.

"लटारूभाऊ," मी म्हणालो, "मी समोर बघा म्हटलं होतं ना?"

"साहेबाचा फोटो निंगून राह्यला होता," लटारू म्हणाला. "तेच्यात मान वर कशी करा?"

भागरथाबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा बाप्पा! भिंगाले दिसते तं यायले लाज वाटते. घरी मले वर मान करून बोलते, आन् तिथी..." पुढचं त्यांनी मनात ठेवलं. मग त्याच प्लेटवर वाकल्या आणि एकदम थांबल्या.

"हा पाय पाहा, भाऊ."

जमिनीवर बसलेल्या लटारूने डावा पाय पुढे पसरला होता. तळवा नाही, वरचा भाग. बोटं कॅमेऱ्याकडे. बोटं तीन. अंगठा आणि शेवटची दोन. मधली दोन नव्हती. पहिला डोंगा कोरताना लटारूचं वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, पायावर आलं होतं. तेव्हा तो विशीत होता. पुढे कित्येकदा त्याच्या डोंग्यात बसूनही माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. फौजदाराचं गेलं होतं. जखमेवरची चकाकती कातडीही त्याने टिपली होती.

आता फक्त तो कोपरा मोठा करून छापायचा होता. चांद्यात दुपारची वीज भरवशाची नव्हती, म्हणून मी जुन्या रीतीने काम केलं. खिडकीला पुठ्ठा लावून त्यात प्लेट बसवायची, बाहेरच्या उजेडाने ती उजळायची, आणि आतून कॅमेऱ्याच्या भिंगाने तिची सावली कागदावर मोठी पाडायची. भिंग अर्थात फौजदार. नदीकडची मोटार दोनला सुटायची. धुणं, वाळवणं, सगळं घाईत. दोन फोटो केले: एक आख्ख्या ग्रुपचा, एक नुसता पायाचा. ओल्या कागदांनिशी आम्ही तिघे मोटारीत बसलो.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरच्या ऑफिसात. नवे साहेब तरुण होते, पुण्याकडचे, चष्मेवाले. बडे बाबू तेच, सहा वर्षांनी जाडे झालेले. त्यांनी ग्रुप पाहिला आणि सगळ्यांत आधी आपले मिटलेले डोळे ओळखले. त्यामुळे सुरुवात बरी झाली नाही.

मी साहेबांना समजावलं. मधोमध हार घातलेले जे साहेब आहेत ते इथे एकाच वर्षी होते, तेव्हा साल पक्कं. टोकाचा माणूस लटारू, खूण पायाची.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. "युक्तिवाद चांगला आहे," ते म्हणाले.

बडे बाबू मागून वाकले. "लटारू, तुह्या कोन्त्या पायाचे बोटं गेले?"

"डाव्या, जी."

"साहेब, फोटोत उजवा पाय आहे," बडे बाबू म्हणाले. "लटारू डावीकडे बसे. हा मानूस उजवीकडे बसून हाय. दुसराच कोनी आहे हा."

मी पाहिलं. खरंच उजवा होता. खरंच उजवं टोक होतं. भागरथाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवसापासून मी कुठल्याही बाईच्या नजरेला भ्यायलो नाही. पुरेसा अनुभव झाला होता. लटारू पुटपुटला, "चला जी, जाऊ द्या," आणि दाराकडे सरकला.

मी टेबलावरच्या फोटोवर वाकलो. आणि मग फोटोतल्या साहेबांच्या कोटाकडे माझं लक्ष गेलं.

"साहेब," मी म्हणालो, "एक विनंती. यातल्या गार्डांची बटणं बघा."

"बटणं?"

"सगळ्यांची बायकांच्या पोलक्यासारखी उलट्या अंगाला लागली आहेत. आणि जुन्या साहेबांच्या कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर आहे. आपला कुठे आहे?"

साहेबांचा हात आपल्या डाव्या खिशाकडे गेला.

"एवढ्या सगळ्या माणसांनी एकाच दिवशी कोट उलटे शिवून घेतले असतील, किंवा मी गाढवाने घाईत प्लेट उलटी लावली असेल," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात मी स्वतःची चूक कधी कबूल केलेली नाही. मी फोटो उचलला, खिडकीच्या काचेला पाठमोरा धरला, आणि कागदातून उजेड आरपार आला. बटणं जागेवर गेली. खिसा डावीकडे आला. लटारू आपल्या टोकाला जाऊन बसला, आणि त्याचा पाय डावा झाला.

साहेब हसले. बडे बाबू हसले नाहीत.

"पाय दाखवा," साहेब लटारूला म्हणाले आणि टेबलावरचे कागद बाजूला सारले. "इथे ठेवा, फोटोशेजारी."

लटारू हलला नाही.

"ठेवा, ठेवा."

"नाई जी."

"का?"

"साहेबाच्या टेबलावर पाय?" लटारू म्हणाला. "नोकरी नाई भेटली तं नाई भेटली. मी नाई ठेवत."

आम्ही सगळ्यांनी समजूत घातली. साहेबांनी हुकूम केला. बडे बाबूंनीसुद्धा "ठेव ना बे" म्हणून पाहिलं. मी स्टूल आणलं. तर तो म्हणाला, साहेब खुर्चीवर आणि माझा पाय स्टुलावर, म्हणजे तेच झालं. भागरथाबाई आधी चिडल्या, मग रडकुंडीला आल्या. "सात वर्सं पान्यात उभे राह्यले," त्या म्हणाल्या, "आन् आता एक पाय नाई उचलत हा मानूस!" लटारूची मान फोटोत होती तितकीच खाली होती.

तेव्हा साहेबांनी काय केलं, तर ते खुर्चीवरून उठले, फोटो घेतले, माझं तपासायचं भिंग मागून घेतलं, आणि सरळ लटारूच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले.

आता पंचाईत बडे बाबूंची. साहेब जमिनीवर असताना हेडक्लार्क उभा कसा राहणार? ते हातावर भार देत, कुरकुरत, साहेबांच्या उजव्या हाताला बसले. त्यांना पाहून कारकून बसले. दाराशी एक रेंजर काही कामासाठी आला होता, तो काय चाललं आहे हे न विचारता बसला. मीही बसलो. आख्ख्या ऑफिसात दोनच माणसं उभी होती, लटारू आणि त्याची बायको. साहेब भिंगातून एकदा फोटोतला पाय बघायचे, एकदा खरा. लटारूला खाली बघायची सोय उरली नव्हती, कारण खाली सगळीकडे साहेब होते. तो वर छताकडे बघत होता.

"कातडीचा वळ सारखा आहे," साहेब म्हणाले. "हाच माणूस आहे. बाबू, लिहा."

"पन साहेब, मधली तीन वर्सं?" बडे बाबू जमिनीवरूनच म्हणाले. "त्या फोटोंत तं नुसते डाग आहे."

साहेबांनी ऑफिसात लावलेले मधल्या वर्षांचे काकूचे फोटो मागितले. एकेक पाहिला. "डाग दर वर्षी त्याच जागी आहे," ते म्हणाले. "पहिल्या वर्षीचा माणूस सिद्ध झाला, म्हणजे पुढचे डाग त्याचेच. लिहा."

बडे बाबूंनी लिहिलं. यादी वेळेत वर गेली आणि लटारू कायम झाला. पुढच्या पावसाळ्यात नदी चढली तेव्हा तो डोंगा काठाला बांधून पगारी बसला. भागरथाबाईंनी माझ्यासाठी सुकवलेल्या मासळीची पुरचुंडी पाठवली, आणि निरोप दिला की फोटोवाल्याला सांगा, उलटी शिजवू नका.

साहेबांनी मला बजावून सांगितलं, की यापुढे ग्रुपला जर्मन भिंगच आणायचं. मी आणत गेलो. त्यानंतरच्या सगळ्या निरोपांत सगळे चेहरे आहेत, चामखिळांसकट. तक्रारी झाल्या, पण मी साहेबांचं नाव पुढे करायचो.

गोष्ट इथे संपवता आली असती. मी ती बऱ्याच ठिकाणी इथेच संपवली आहे, आणि लोक टाळ्या देतात.

पण लटारूचं ऐकून महिन्याभरात आणखी एक माणूस माझ्या दारात आला. बंगल्यावर झाडलोट करायचा, पाणी भरायचा. नाव तुकडू. लटारूच्या एक वर्ष मागून लागलेला. त्याचंही हजेरीपुस्तक वाळवीने खाल्लं होतं, आणि त्याच्यासाठी दुसरी यादी अजून उघडी होती. जमिनीवरच्या रांगेत तो उजव्या टोकाला बसायचा. एक वर्ष मागून लागला, म्हणजे फौजदाराच्या त्या एकुलत्या प्लेटमध्ये तो नव्हता. होता तो सगळा काकूच्या फोटोंत.

मी सगळ्या प्लेटी काढल्या. उजेडाला धरल्या, भिंग लावलं, कोपरे मोठे करून छापले. मोठे केल्यावर डाग मोठे झाले. पहिल्या वर्षीचा माणूसच नव्हता, तेव्हा पुढचे डाग कोणाचे म्हणायचे? मी त्याला हे समजावून सांगू लागलो. मधोमध ठळक का येतं, कडेला का विरघळतं, पितळी पट्ट्या असत्या तर काय झालं असतं. तो ऐकत होता. मी थांबलो तेव्हा त्याने एक फोटो दोन्ही हातांनी उचलला. आपल्या टोकाकडे पाहिलं, मग हळूहळू नजर सरकवत मधोमध आणली आणि तिथे बराच वेळ ठेवली.

"साहेब लय बेस आले जी," तो म्हणाला, आणि फोटो माझ्या हातात परत दिला.